दारा नुसेरवानजी खुरोडी

दारा नुसेरवानजी खुरोडी (२ जानेवारी १९०६ – १ जानेवारी १९८३) हे भारतीय दुग्धव्यवसायतज्ज्ञ आणि मुंबई राज्याचे दूध आयुक्त होते. बॉम्बे मिल्क स्कीम या सरकारी दूध योजनेची उभारणी, गोरेगावची आरे दूध वसाहत आणि टोन्ड दुधाचा प्रसार या तीन कामांशी त्यांचे नाव जोडले जाते. दाट वस्तीच्या शहराला शुद्ध दूध द्यायचे तर भेसळ करणाऱ्यांना दंड करून भागत नाही, म्हशीच वस्तीबाहेर हलवाव्या लागतात, ही त्यांच्या कामामागची मुख्य धारणा होती. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीस कुरियन यांच्यासह रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या कुरियन यांच्याशी त्यांचे धोरणाच्या प्रश्नावर अनेक वर्षे मतभेद होते, त्यांच्याच बरोबरीने त्यांना हा पुरस्कार विभागून मिळाला, ही त्यांच्या चरित्रातील लक्षणीय बाब आहे.

प्रारंभीचे जीवन

खुरोडी यांचा जन्म मध्य भारतातील महू येथे एका पारशी कुटुंबात झाला. महू हे लष्करी छावणीचे गाव होते. मराठी वाचकाला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून परिचित असते. ब्रिटिश भारतात आधुनिक पद्धतीच्या दुग्धशाळा सर्वप्रथम अशा छावण्यांसाठीच निघाल्या. १८८९ साली अलाहाबाद येथे पहिली लष्करी दुग्धशाळा सुरू झाली. गोऱ्या सैनिकांना विषमज्वर व क्षय यांपासून दूर ठेवणे हा तिचा हेतू होता. छावणीच्या कुंपणाआड स्वच्छ दूध मिळत असे आणि कुंपणाबाहेरच्या गावाला ते मिळत नसे, ही स्थिती पुढे कित्येक दशके टिकली.

खुरोडींनी दुग्धव्यवसाय हेच आपले क्षेत्र निवडले आणि खाजगी व सरकारी अशा दोन्ही संस्थांत अनुभव घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते मुंबई सरकारच्या दूध खात्यात जबाबदारीच्या पदावर होते. त्यांच्या पुढील कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळी मुंबईत दूध कोठून व कसे येत असे, हे पाहणे आवश्यक आहे.

मुंबईच्या दुधाची अवस्था

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांमुळे मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली. दूध नासके असल्यामुळे आणि बर्फ व शीतगृहे सामान्यांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे म्हशी शहरातच ठेवणे हा गवळ्यांच्या दृष्टीने एकमेव व्यवहार्य मार्ग होता. चाळींच्या मागे, गल्लीबोळांत आणि गटारांच्या कडेला तबेले उभे राहिले. नुकत्याच व्यालेल्या म्हशी गुजरात, काठेवाड आणि उत्तर भारतातून विकत आणल्या जात. म्हैस आटली की तिला पुन्हा गाभण राहून विईपर्यंत पोसणे शहरातल्या महाग वैरणीत परवडत नसे, म्हणून चांगल्या जातीची, तरणी म्हैसही एका वेतानंतर खाटिकखान्यात जाई. रेडकांना दूध पाजणे म्हणजे विक्रीचे दूध घालवणे, त्यामुळे त्यांतील बहुतेक उपासमारीने मरत. देशातील उत्तम दुभती जनावरे अशा रीतीने दरवर्षी शहरात येऊन नष्ट होत होती. ही हानी प्रत्यक्ष दुधाच्या घाणीपेक्षाही मोठी आहे, असे अनेक पशुतज्ज्ञांचे मत होते.

शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने तबेला हा दुहेरी धोका होता. शेण आणि मूत्र उघड्या गटारांतून वाहत असे आणि त्यावर माश्यांची पैदास होत असे. त्याच गटाराशेजारी न धुतलेल्या हातांनी, उघड्या भांड्यात धार काढली जाई. दूध गिऱ्हाइकाकडे पोहोचेपर्यंत त्यात पाणी मिसळले जाई आणि ते पाणी कोठले असेल याची काहीच शाश्वती नसे. मुंबई महापालिकेचे विश्लेषक डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांतील दुधाच्या प्रश्नावर मुंबईच्या विशेष संदर्भात एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा प्रश्न खुरोडींच्या आधी तीस वर्षे शास्त्रीय पद्धतीने मांडला गेला होता. उपाय मात्र अंमलात आले नव्हते. १९२५ साली मुंबई इलाख्यात भेसळ प्रतिबंधक कायदा झाला, तरी निरीक्षकांची संख्या आणि दूधवाल्यांची संख्या यांचा काहीच मेळ नव्हता.

भेसळ पकडणे तांत्रिकदृष्ट्याही सोपे नव्हते. बाजारात सर्वत्र वापरले जाणारे साधन म्हणजे लॅक्टोमीटर. तो दुधाची घनता दाखवतो. पाणी घातले की घनता उतरते, हे खरे. परंतु साय किंवा मलई काढून घेतली की उरलेल्या दुधाची घनता वाढते. म्हणून आधी मलई काढावी आणि मग बेताने पाणी घालावे, म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा मूळच्या दुधाइतकाच येतो. दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात. स्निग्धांश वेगळा मोजल्याखेरीज ही युक्ती उघडकीस येत नाही. म्हशीच्या दुधाच्या बाबतीत फसवणूक आणखी सोपी होती. त्यात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात भरपूर पाणी घालूनही ते गाईचे दूध म्हणून स्निग्धांशाच्या कसोटीला उतरू शकत असे.

भारतीय घरांत दूध उकळून पिण्याची रीत असल्यामुळे दुधातून पसरणाऱ्या रोगांचा युरोप-अमेरिकेत झाला तसा संहार येथे झाला नाही, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. न्यूयॉर्कमध्ये १८५०च्या दशकात दारूच्या भट्ट्यांना लागून असलेल्या गोठ्यांतील दुधाने बालमृत्यू ओढवत असल्याचे प्रकरण गाजले होते. शिकागो शहराने १९०८ साली दुधाचे पाश्चरीकरण सक्तीचे केले. उकळण्याच्या सवयीने क्षय, विषमज्वर आणि आमांश यांच्या जंतूंपासून मुंबईकरांचे बरेच संरक्षण झाले. परंतु उकळलेल्या दुधातले पाणी निघून जात नाही. अर्धे पाणी असलेले दूध कितीही उकळले, तरी त्यावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाला अर्धेच पोषण मिळते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मुंबईचा दूधप्रश्न जंतूंचा होता तेवढाच कुपोषणाचाही होता. खुरोडींच्या पुढील योजनांचा रोख या दोन्ही बाजूंकडे होता.

बॉम्बे मिल्क स्कीम

महायुद्धाच्या काळात मुंबईत लष्कराची वर्दळ वाढली, धान्याचे रेशनिंग आले आणि दुधाचे भाव सामान्यांच्या हाताबाहेर गेले. सरकारने लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी सवलतीच्या दराने दूधवाटप सुरू केले. या काळातील एक कथा दुग्धव्यवसायाच्या इतिहासांत वारंवार सांगितली जाते. मुंबईच्या दुधाचा नमुना तपासणीसाठी लंडनला पाठवला असता तो तेथील गटाराच्या पाण्यापेक्षाही दूषित असल्याचा निर्वाळा मिळाला, अशी ती कथा आहे. तिच्या तपशिलाविषयी काहीही म्हटले, तरी अधिकाऱ्यांच्या मनावर तिचा परिणाम झाला हे निश्चित.

शहरातले दूध सुधारणे अवघड असेल तर बाहेरून चांगले दूध आणावे, हा पहिला उपाय होता. १९४५ साली मुंबई सरकारने गुजरातमधील आणंद येथील पोल्सन या खाजगी कंपनीशी करार केला. पेस्तनजी एडलजी दलाल यांच्या मालकीच्या या कंपनीने खेडा जिल्ह्यातील दूध गोळा करून, पाश्चरीकरण करून, सव्वाचारशे किलोमीटरांवरील मुंबईला रेल्वेने पाठवायचे होते. दूध नासू न देता एवढ्या अंतरावर नेता येते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले आणि तेथून बॉम्बे मिल्क स्कीमची घडी बसू लागली.

मात्र या व्यवस्थेत शेतकऱ्याला मिळणारा भाव कंपनी ठरवत असे. सरकारने वाढवून दिलेल्या किमतीचा लाभ उत्पादकापर्यंत पोहोचत नसल्याची तक्रार होती. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये समरखा येथे सभा झाली आणि खेड्याच्या शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले. सुमारे पंधरा दिवस आणंदहून मुंबईला दूध आले नाही. तेव्हाचे इंग्रज दूध आयुक्त आणि त्यांचे साहाय्यक असलेले खुरोडी आणंदला गेले आणि शेतकऱ्यांची सहकारी संघाची मागणी मान्य झाली. त्यातून १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हाच पुढे अमूल या नावाने ओळखला जाऊ लागला. या प्रसंगी खुरोडी सरकारी बाजूने उभे होते, आणि नंतरच्या काळातही शहराच्या गरजेच्या बाजूनेच ते विचार करत राहिले. पुढे ते स्वतः दूध आयुक्त झाले.

टोन्ड दूध

टोन्ड दुधाच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः खुरोडींना दिले जाते. १९४६ साली मुंबईत त्याची सुरुवात झाली आणि नंतर कोलकाता, मद्रास व दिल्ली येथील सरकारी योजनांनी ते स्वीकारले.

यामागचे गणित सरळ आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश पुष्कळ असतो, पण बाळाच्या किंवा मजुराच्या पोषणासाठी तेवढ्या लोण्याची गरज नसते. त्यांना प्रथिने, कॅल्शियम आणि शर्करा हवी असते, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ हवे असतात. म्हशीच्या एक लिटर दुधात नुसते पाणी घातले तर स्निग्धांशाबरोबर हे घनपदार्थही विरळ होतात. परंतु पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळली, तर स्निग्धांश उतरतो आणि घनपदार्थ टिकून राहतात. सात टक्के स्निग्धांशाचे दूध तीन टक्क्यांवर आणले की एका लिटरचे दोन लिटरांहून अधिक दूध होते. त्यासाठी लागणारी भुकटी साधारण शंभर ग्रॅम असते. सारे मिश्रण पाश्चरीकरण करून विकले जाते. भारतीय मानकांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. दुहेरी टोन्ड दुधासाठी हेच प्रमाण अनुक्रमे १.५ आणि ९ टक्के आहे.

दूधवाला पूर्वीपासून जे चोरून करत होता, तेच येथे उघडपणे, मोजूनमापून आणि पोषणमूल्य राखून केले गेले, असे टोन्ड दुधाचे वर्णन करता येईल. दुधात पाणी घालणे म्हणजे फसवणूक, हे समीकरण लोकांच्या मनात इतके पक्के होते की सरकारने पाणी घालून दूध विकावे, याविषयी आरंभी संशय व्यक्त होणे स्वाभाविक होते. भेसळ आणि मानकीकरण यांतला फरक ग्राहकाला जाहीर केलेल्या प्रमाणात आणि त्या प्रमाणाच्या तपासणीत आहे, ही गोष्ट टोन्ड दुधाने भारतीय अन्न कायद्यात रुजवली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत दुधाचे वेगवेगळे प्रकार स्वतंत्र मानकांसह नोंदवले गेले. गरीब कुटुंबाला परवडेल अशा दरात खात्रीचे दूध मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. या दुधाची एक बाजू मात्र परावलंबी होती. भुकटी परदेशातून, मुख्यतः न्यूझीलंड व इतर दूधसमृद्ध देशांतून येत असे.

आरे दूध वसाहत

खुरोडींचे सर्वांत दृश्य काम म्हणजे आरे. साष्टी बेटावर, गोरेगावच्या पूर्वेला, विहार आणि पवई तलावांच्या परिसरातील डोंगराळ जमिनीवर १९४९ साली ही वसाहत उभी राहू लागली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्रावर बत्तीस गोठे आणि सुमारे सोळा हजार जनावरांची सोय, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे प्रत्येक गोठ्यात साधारण पाचशे जनावरे.

या रचनेतील महत्त्वाचा निर्णय मालकीचा होता. सरकारने म्हशी विकत घेतल्या नाहीत. शहरातल्या गवळ्यांनी आपली जनावरे आरेत आणावीत, सरकारने बांधलेल्या गोठ्यांत भाडे भरून ठेवावीत, आणि दूध मात्र वसाहतीच्या दुग्धशाळेलाच घालावे, अशी व्यवस्था होती. गोठे, पाणी, वैरण आणि पशुवैद्यकीय सेवा सरकारची होती, तर धंदा गवळ्याचा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या या व्यवसायात असलेल्या लोकांचे कसब टिकवून धंद्यातली घाण तेवढी दूर करावी, असा हा मार्ग होता. गोठ्यांतून धुऊन निघणारे शेणपाणी डोंगरउतारावर लावलेल्या पॅरा गवताला दिले जाई आणि तेच गवत म्हशींना वैरण म्हणून मिळे. शहरात जे गटारात जाऊन रोग पसरवत होते, त्याचे आरेत चाऱ्यात रूपांतर होत होते. वसाहतीच्या आखणीत स्वच्छतेचा एवढा साधा आणि परिणामकारक भाग दुसरा नसेल.

दूध काढल्यावर ते त्वरित मध्यवर्ती दुग्धशाळेत नेऊन पाश्चरीकरण केले जाई. पाश्चरीकरणाच्या जलद पद्धतीत दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. जुन्या पद्धतीत ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात. या उष्णतेने क्षयाचे जंतू मरतात आणि दुधाची चव व गुण बहुतांश टिकतात. प्रक्रिया नीट झाली की नाही हे तपासण्यासाठी दुधातील फॉस्फटेज या विकराचा आधार घेतला जातो. क्षयाच्या जंतूंना मारणाऱ्या उष्णतेपेक्षा किंचित अधिक उष्णतेने हे विकर नष्ट होते. म्हणून ते सापडले नाही, तर जंतूही उरले नाहीत असे समजता येते. ब्रिटनमध्ये ठराविक भागांत केवळ पाश्चरीकृत किंवा तपासलेलेच दूध विकण्याची तरतूद करणारा कायदा १९४९ सालीच झाला. आरेची सुरुवातही त्याच वर्षीची, हे लक्षात घेतले म्हणजे मुंबईचा प्रयोग काळाच्या फार मागे नव्हता हे दिसते.

दूध काचेच्या बाटल्यांत भरून, ॲल्युमिनियमच्या टोपणाने बंद करून शहरभरच्या दूध केंद्रांवर पाठवले जाई. पहाटे आणि दुपारी थोडा वेळ उघडणाऱ्या या केंद्रांवर शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि गृहिणी अर्धवेळ काम करत. कार्डधारक कुटुंबांना ठरलेले दूध मिळे. दूधवाल्याच्या मापावर आणि शब्दावर विसंबून राहण्याची गरज संपली. बंद टोपण हीच खात्री झाली. आरे केंद्रासमोरची पहाटेची रांग मुंबईच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत राहिली.

आरे हे प्रेक्षणीय स्थळही झाले. छोटा काश्मीर नावाची बाग आणि न्यूझीलंडच्या साहाय्याने बांधलेले प्रशिक्षणार्थींचे वसतिगृह आजही त्या काळाची खूण म्हणून उभे आहेत. परदेशी पाहुण्यांना दाखवण्याच्या ठिकाणांत आरेचा समावेश असे.

तरीही शहरातील सर्व तबेले आरेत सामावले नाहीत. जोगेश्वरी, गोरेगाव आणि मालाड परिसरातील कित्येक तबेले जागच्या जागी राहिले. शहरातली दुधाची मागणी सोळा हजार जनावरांच्या दुधापेक्षा फार मोठी होती. त्यामुळे आणंदहून येणारे दूध आणि भुकटी या दोन्हींवरचे अवलंबन चालूच राहिले.

खेडा संघाशी मतभेद

म्हैस हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात फार कमी दूध देते. खेडा जिल्ह्यात हिवाळ्यातील दूध उन्हाळ्याच्या अडीचपटीच्या आसपास जाई. मुंबईची गरज मात्र बाराही महिने जवळपास सारखीच होती. हिवाळ्यातले जादा दूध मुंबईने घ्यावे, असा खेडा संघाचा आग्रह होता. बॉम्बे मिल्क स्कीमला तेवढे दूध घेणे शक्य नव्हते किंवा सोयीचे नव्हते. त्याच वेळी टोन्ड दुधासाठी परदेशी भुकटी मात्र आयात होत होती. संघाच्या बाजूने पाहता हा उघड अन्याय होता. देशातले दूध न घेता परदेशातले वाळवलेले दूध वापरले जात होते.

खुरोडींच्या बाजूने पाहता प्रश्न निराळा होता. आयात भुकटी स्वस्त होती, वर्षभर एकाच दर्जाची मिळत होती आणि तिच्यामुळेच गरिबाला परवडणारे दूध तयार होत होते. दूध योजना ही मुंबईच्या ग्राहकासाठी, त्यातही मुले आणि माता यांच्यासाठी होती. शेतकऱ्याच्या उत्पन्नाची हमी हे तिचे पहिले काम नव्हते. दोन्ही भूमिका आपापल्या जागी प्रामाणिक होत्या आणि दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे मान्य करणे अशक्य होते. कुरियन यांनी आपल्या आत्मकथनात खुरोडींविषयी बरेच कठोर लिहिले आहे. या वादाची जी हकिगत सर्वत्र प्रचलित आहे, ती बहुतांशी त्याच बाजूने आलेली आहे, हे वाचकाने ध्यानात घेतले पाहिजे.

म्हशीच्या दुधाची भुकटी करता येत नाही, असा त्या काळी परदेशी तज्ज्ञांचा समज होता. खेडा संघातील तंत्रज्ञ हरिचंद मेघा दलाया यांनी तो खोटा ठरवला. युनिसेफच्या साहाय्याने आणंद येथे भुकटीचा कारखाना उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिवाळ्यातले दूध वाळवून उन्हाळ्यासाठी राखता येऊ लागले आणि वादाचे मूळ कारणच बरेचसे नाहीसे झाले. खुरोडींच्या टोन्ड दुधाला लागणारी भुकटी देशातच, म्हशीच्याच दुधापासून तयार होऊ लागली. परिणामी दोघांचे काम एकमेकांना पूरक ठरले. तसा हेतू मात्र दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

१९६० साली मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि आणंद गुजरातमध्ये गेले. मुंबईच्या दुधाचा मोठा भाग आता परराज्यातून येऊ लागला. त्यामुळे महाराष्ट्र शासनाने राज्यातच दूधसंकलन वाढवण्याकडे लक्ष दिले. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ साली स्थापन झाला. वाढत्या पुरवठ्यावर प्रक्रिया करण्यासाठी मुंबईत वरळी येथे नवी दुग्धशाळा उभारण्यात आली.

ठाणे-कल्याणच्या दिशेने

मुंबईतून तबेले बाहेर काढण्याचे धोरण खुरोडींच्या नंतरही चालू राहिले. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दापचरी येथे शासनाने मोठा दुग्धप्रकल्प उभारला. आता हा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात आहे. मुंबईचे तबेले तेथे हलवावेत, असा हेतू होता. १९७६ साली नागरी भागांत गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण आणणारा महाराष्ट्राचा कायदा झाला. परंतु गवळ्यांना गिऱ्हाइकापासून इतके दूर जाणे नको होते. दूध दोन-तीन तासांत घरोघर पोहोचले पाहिजे, हे त्यांच्या धंद्याचे गणित होते.

याचा परिणाम असा झाला की मुंबईच्या वेशीबाहेर, परंतु लोकलच्या पल्ल्यात असलेल्या वसई, ठाणे, भिवंडी आणि कल्याण या पट्ट्यात तबेल्यांचा धंदा टिकून राहिला. कल्याणच्या जुन्या वस्तीतील दूध नाका हे नाव या व्यापाराची साक्ष देते. दुधाचे कॅन घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून प्रवास करणारे दूधवाले मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवर परिचित राहिले. डोंबिवली, ठाणे आणि कल्याण ही गावे पुढील दशकांत स्वतःच मोठी शहरे झाली. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याणची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. शहराच्या काठावर म्हणून वसलेले तबेले वस्तीच्या मध्यभागी आले. मुंबईत १९४० च्या दशकात जो प्रश्न होता, म्हणजे वस्तीला लागून गोठा, गोठ्याचे सांडपाणी आणि सुटे, न तपासलेले दूध, तोच लहान प्रमाणात या शहरांपुढे उभा राहिला.

दुसरीकडे आरेची दूध केंद्रे ठाणे-डोंबिवलीतही पोहोचली आणि पिशवीबंद पाश्चरीकृत दूध हा सामान्य कुटुंबाचा रोजचा व्यवहार झाला. सुटे म्हशीचे दूध ताजे व घट्ट म्हणून पसंत करणारा ग्राहकवर्ग मात्र कायम आहे. पिशवीतल्या दुधातही भेसळ होते, हे नंतरच्या काळात वेळोवेळी झालेल्या कारवायांतून दिसून आले. मूळ पिशवीतून दूध काढून, पाणी मिसळून ती पुन्हा चिकटवणे हा त्यातला नेहमीचा प्रकार आहे. बंद टोपणावरचा विश्वास हाच येथे भेसळीचे साधन बनतो. ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू झाला आणि १९५४ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

सन्मान

१९६३ सालचा सामाजिक नेतृत्वासाठीचा रेमन मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्रितपणे देण्यात आला. आशियातील अतिशय दाट वस्तीच्या एका महानगराचा अत्यावश्यक अन्नपुरवठा व स्वच्छता सुधारणे, तसेच खेड्यातील उत्पादकांचे जीवनमान उंचावणे, यांसाठी सरकारी आणि खाजगी प्रयत्नांचा कल्पक समन्वय साधल्याबद्दल हा गौरव होता. स्वच्छता आणि महानगर ही या गौरवातील बाजू मुख्यतः खुरोडींच्या कामाची होती. भारत सरकारने १९६४ साली त्यांना पद्मभूषण देऊन सन्मानित केले.

लेखन आणि अखेर

निवृत्तीनंतरच्या काळात खुरोडींनी भारतातील दुग्धव्यवसायाचा आढावा घेणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत दुधाच्या क्षेत्राचे राष्ट्रीय नेतृत्व आणंदकडे गेले होते. १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लड या कार्यक्रमात मुंबईसह चार महानगरांना खेड्यांतील सहकारी संघांचे दूध पुरवण्याची योजना होती. तिच्या पहिल्या टप्प्यात परदेशातून देणगीरूपाने आलेली भुकटी व लोणीतेल मिसळून शहरांसाठी दूध तयार केले गेले. ही पद्धत खुरोडींनी पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईत वापरलेल्या पद्धतीशी जवळची होती.

१ जानेवारी १९८३ रोजी, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. मराठीत त्यांच्याविषयी फारच थोडे लेखन उपलब्ध आहे. आरेचे नाव अलीकडे मुख्यतः तेथील वनराई आणि मेट्रोची कारशेड यांच्या वादामुळे चर्चेत आले. २०१९ साली कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीविरुद्ध मोठे आंदोलन झाले. वसाहतीतले गोठे अद्याप तेथे आहेत.